सोडून दिलेला मासा

माझी एक वाईट खोड आहे. कुणाला काही कटू सांगायचं असलं की मी चांगली वेळ शोधत बसतो. ती काही येत नाही, आणि आलीच तर मला वाटतं, इतकी चांगली वेळ आहे, कशाला नासवा. माझी बायको म्हणायची, "तू ना, घराला आग लागली तरी आधी पाहुण्यांचं जेवण होऊ देशील." हे ती हसत म्हणायची. त्या हिवाळ्यात तिनं हसणं सोडलं.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या कंपनीत अकरा माणसांची यादी झाली. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या बाहेर आमचा कारखाना आहे. तिथे डिझेल गाड्यांचे पंप बनतात, आणि ते आता कुणाला नको आहेत हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी तिथे चाचणी विभागाचा प्रमुख. तीन दुपारी आम्ही चौघं एका बंद खोलीत बसलो. एक वरचा साहेब, पर्सोनालची, म्हणजे नोकरभरती-बडतर्फी बघणारी बाई, कामगारांच्या बाजूनं बेट्रीब्सराट या त्यांच्या समितीचा एक माणूस आणि मी. जुन्या माणसांना सहज हात लावता येत नाही असा इथे कायदा आहे, पण अख्खा चाचणी हॉलच बंद करायचा म्हटल्यावर त्या कायद्याचं फारसं काही चालत नाही. सातवं नाव माइस्टरचं निघालं. मी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला, आणि पुन्हा पेन उचललं. फेब्रुवारीत पत्रं जाईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, अशा कागदावर शेवटी आमच्या सह्या घेतल्या.

माइस्टर म्हणजे आमच्या हॉलचा मुख्य कारागीर. वय अठ्ठावन्न, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मूळचा उत्तरेचा, बर्लिनच्याही वर मेक्लेनबुर्गमधल्या एका तळ्याकाठचा. कामासाठी तरुणपणी दक्षिणेत, बव्हेरियात आला आणि तीस वर्षं तिथेच राहिला. मी नवा होतो तेव्हा पंपाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायला यानं मला शिकवलं. माझ्या जर्मनची त्यानं कधी टर उडवली नाही, उलट मीटिंगमध्ये दुसऱ्या कुणी उडवली तर तो त्याच्याकडे असा बघायचा की पुढचं हसू घशातच राहायचं. आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो, इथे तशी रीत आहे. मनातल्या मनात मात्र मी त्याला कायम अहोजाहोच केलं. या देशात मला मोठा भाऊ कुणी असेल तर तो हाच.

आता डिसेंबरचं सांगतो, कारण सगळी कथा तिथे अडकलेली आहे. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दर वर्षीप्रमाणे त्याच्याकडे जेवायला गेलो. भाजलेलं बदक, लाल कोबी, बटाट्याचे गोळे. त्याची बायको आमच्या मुलीसाठी नेहमी वेगळी खीर करते. जेवण झाल्यावर तो मला बाल्कनीत घेऊन गेला. त्याच्या गावाकडच्या तळ्यावर त्याच्या शाळासोबत्याची बोटी दुरुस्त करायची वर्कशॉप आहे. सोबत्याला इंजिनं कळणारा माणूस हवा होता आणि नववर्षापर्यंत उत्तर हवं होतं. पगार कमी, पण घर आईचं, तळं समोर.

"तुला वरचं कळतं," तो म्हणाला. "तू सांग. थांबू की जाऊ?"

यादी होऊन महिना झाला होता. मी म्हणालो, "घाई करू नकोस. अजून काहीच ठरलेलं नाही."

असं का म्हणालो, याची तीन कारणं मी स्वतःला तेव्हापासून शंभरदा सांगितली आहेत. एक, मी सही केली होती. दोन, आत बायका हसत होत्या, टेबलावर मेणबत्त्या होत्या, सणासुदीला माणसाच्या ताटात माती कशी कालवायची. तिसरं सांगायला मला लाज वाटते. जानेवारीत एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर चाचण्या व्हायच्या होत्या आणि माइस्टरशिवाय त्या पार पडल्या नसत्या. तो थांबायला हवा होता मला. तो थांबला, चाचण्या झाल्या, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

आणि हे कुणी केलं, तर मी. मी नववीत असताना पिंपरीत माझ्या बाबांची कंपनी बंद पडली. बाबा सकाळी डबा घेऊन गेले आणि गेटवर चिकटवलेला कागद वाचून दहा वाजता घरी आले. डबा तसाच. मी तेव्हा मनाशी ठरवलं होतं की आपण कधी साहेब झालो तर माणसाला तोंडावर सांगायचं, गेटवर कागद लावायचा नाही. ठरवायला काय जातं. नववीतल्या पोराला कुठे माहीत असतं की तोंडाला चिकटपट्टी लावणाऱ्या कागदावर आपणच सही करणार आहोत.

जानेवारीत थंडी पडली, अशी की माइस्टरच्या गावचं तळं कित्येक वर्षांनी पुरतं गोठलं. दहा वर्षं तो मला म्हणत आला होता, तळं गोठलं की तुला बर्फावर मासे धरायला नेईन. एके दिवशी तो माझ्या टेबलाशी आला, मोबाईलवर भावानं पाठवलेला तळ्याचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "आल्झो, तर मग, पुढच्या शनिवारी." मी कॅलेंडर पाहिलं. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी पत्रं जाणार होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तिथे तरी सांगणार आहेस, की मीच फोन करू त्याच्या बायकोला?" मी म्हणालो, सांगतो, बर्फावर सांगतो. तिथे निवांत असेल, आम्ही दोघंच असू. ती पुन्हा भाजी चिरू लागली. माझी चांगल्या वेळेची खोड तिला नव्यानं कळायची नव्हती.

शुक्रवारी आम्ही त्याच्या गाडीतून निघालो. येताना मी रेल्वेनं एकटा परतणार होतो, त्याला गावी आणखी चार दिवस राहायचं होतं. म्हणजे पत्र रेगेन्सबर्गच्या पेटीत पडणार तेव्हा तो तिकडे त्याच्या आईच्या रिकाम्या घरात असणार, आणि त्याची बायको ते उघडणार. सात तासांचा रस्ता. हे सगळं माझ्या पोटात होतं आणि तो मला माशांची नावं शिकवत होता. मी जा, जा, गेनाऊ, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत होतो. मधे एकदा मी झोपेचं सोंगही घेतलं. पण मी खरंच दमलो होतो. दोन-अडीच महिने एखादी गोष्ट जिभेखाली धरून ठेवली की माणूस काही न करता दमतो.

शनिवारी सकाळी पुण्याहून आईचा फोन आला. आई ऐंशीच्या पुढे आहे आणि दर पौर्णिमेला विहारात जाऊन अष्टशील घेते. तिची माझ्याकडून तेवढी अपेक्षा नाही.

"आज माघ पौर्णिमा," ती म्हणाली. "आठ तुला झेपायची नाहीत. पाच तरी पाळ, आजचा दिवस. म्हण माझ्यामागून."

मी माइस्टरच्या आईच्या स्वयंपाकघरात, लोकरीचे दोन पायमोजे चढवून, पंचशील म्हणू लागलो. पहिलं, जीव न मारण्याचं. दुसरं, तिसरं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज खाली गेला.

"ऐकू नाही आलं. रेंज नाही का तिकडे?"

मी चौथं पुन्हा म्हटलं. मग तिला सांगितलं की मी मासे धरायला चाललोय, गोठलेल्या तळ्यावर. आई मासे खाते. तिच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी असली की मी चार भाकरी खातो. पण पौर्णिमेला नाही.

"धरायला जा," ती विचार करून म्हणाली. "मारू नकोस म्हणजे झालं. उद्या काय करायचं ते कर."

मला ही सोय आवडली. मी मनाशी ठरवलं, मासा लागलाच तर हळूच परत सोडून द्यायचा. मासे धरायच्या तात्पुरत्या परवान्यासोबत मला एक पुस्तिका मिळाली होती आणि ती मी वाचली होती, कारण या देशात मी वॉशिंग मशीनचीही पुस्तिका वाचतो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की खाण्याजोगा मोठा मासा वर काढलात तर तो तिथेच नीट मारायचा आणि खायला घरी न्यायचा. नुसतं धरायचं आणि सोडायचं हा माशाचा छळ आहे, त्याला शिक्षा आहे. पण इतक्या मोठ्या तळ्यावर कोण बघायला बसलंय.

कोण बघायला बसलंय असं वाटत होतं, प्रत्यक्षात सगळा गाव तिथे होता. हे तळं उन्हाळ्यात पर्यटकांनी गजबजतं म्हणतात, पण त्या दिवशी जत्राच होती. काठाशी गरम वाइनची आणि सॉसेजची टपरी, घसरगाड्या, स्केटिंग करणाऱ्या आज्या. मासेवाले मात्र त्या गलक्यापासून लांब, खोल पाण्यावर, आपापल्या भोकाशी बसलेले. माइस्टरनं माझ्या गळ्यात दोरीला बांधलेले दोन लाकडी मुठीचे टोचे अडकवले.

"आत पडलास तर हे बर्फात रोव आणि स्वतःला ओढून काढ. ओरडत बसू नकोस, दम जातो."

तो पुढे, मी दहा पावलं मागे, मधे दोर. वाटेत लाल टोपीवाला एक धिप्पाड माणूस बादली उपडी घालून बसला होता. तोच बोटींच्या वर्कशॉपचा मालक, माइस्टरचा शाळासोबती. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "काय रे बव्हेरियावाल्या, नको म्हणालास ना मला."

माइस्टरनं अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं. "याला विचार. हाच म्हणाला, घाई करू नको."

तो माणूस माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. काय करणार होतो.

त्याच्यापासून दोनशे पावलांवर आम्ही थांबलो. तिथे वाऱ्यानं बर्फावरचा भुरा झाडून नेला होता आणि खालचा बर्फ काळा, काचेसारखा स्वच्छ होता. वीतभर जाड. माइस्टरनं भलं मोठं गिरमिट लावून दोन भोकं पाडली, झाऱ्यानं त्यातला चुरा काढला. हातभर लांबीची काठी, दोरा, टोकाला शिशाचा चकचकीत बारीक मासा आणि गळ. तो चौदा मीटर खाली सोडायचा आणि मनगटानं हलकेच झटके देत राहायचं. एवढंच काम.

पहिल्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा तो थर्मासमधून चहा ओतत होता आणि त्यानं विचारलं, साखर? दुसऱ्यांदा तळ्याच्या पोटातून धडाड असा आवाज आला, माझी पाचावर धारण बसली, आणि तो म्हणाला, बर्फ वाढतोय, चांगलं लक्षण आहे. मग तो वडिलांबद्दल बोलू लागला, ते इथेच याच जागी बसायचे. वडिलांच्या गोष्टीत कसं सांगायचं? लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो, त्यात मी नेहमी पहिला बाद व्हायचो. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी भर तळ्यात बसून तेच करत होतो.

साडेअकराच्या सुमाराला माझी काठी वाकली. मी घाबरून भराभर दोरा ओढला, एका हातामागून दुसऱ्या हातानं. दीड वीत लांब, हिरवट, अंगावर काळे पट्टे, पोटाशी लाल पर आणि पाठीवर काट्यांचा तुरा असलेला एक मासा बर्फावर येऊन आपटला. तिकडे त्याला बार्श म्हणतात. त्याच्या तोंडातून काहीतरी फुग्यासारखं बाहेर डोकावत होतं. माइस्टर त्याच्या भोकावर वाकला होता. मी गळ काढला, माशाला दोन्ही हातांत धरलं, आणि पाण्यात सोडून दिलं. मला क्षणभर फार बरं वाटलं. आईची पौर्णिमा सांभाळली, माझे हात स्वच्छ.

"कुठे गेला?" माइस्टरनं मान वर करून विचारलं.

"सोडला. आज आमच्याकडे जीव मारत नाहीत."

मला वाटलं तो हसेल. या माणसाला मी दहा वर्षांत कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. तो गुडघ्यांवरून उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "तो मेल्यात जमा आहे. चौदा मीटर खालून इतक्या घाईनं ओढलास, त्याच्या पोटातली हवा फुगली. तो आता खाली जाऊ शकत नाही. तू त्याला सोडला नाहीस. तू फक्त बघायचं टाळलंस."

मग तो काळ्या बर्फावर आडवा झाला, डोळ्यांभोवती हातांचा आडोसा करून खाली बघत सरपटला, आणि तीन हातांवर थांबून मला बोलावलं. मासा तिथे होता. बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटलेला, पोट वर. कल्ले उघडत होते, मिटत होते. मी त्यावर तळहात ठेवला. वीतभर खाली तो होता आणि मला काही करता येत नव्हतं.

माइस्टरनं त्याच्या शेजारी तिसरं भोक पाडलं. दोन प्रयत्नांत झाऱ्यानं त्याला वर काढलं, बर्फावर ठेवलं, आणि लाकडी दांडकं माझ्या हातात दिलं.

"डोळ्यांच्या जरा वर. एकदाच, पण जोरात. हळू मारलास तर त्यालाच जास्त लागतं."

मी मारलं. एकदाच. मासा थरथरला आणि थांबला. माइस्टरनं सुरीनं पुढचं काम केलं, मला दाखवत, कुठे आणि का. माझ्या मनात आईची पौर्णिमा नव्हती. मला बर्फाखालचे ते कल्ले दिसत होते, आणि तो सुरी पुसत असतानाच मी बोललो. वेळ बघितली नाही.

"सोमवारी तुला पत्र येणार आहे. अकरा जणांना येणार आहे. जूनमध्ये हॉल बंद होतोय. यादीत तुझं नाव आहे. यादी करताना मी तिथे होतो."

तो सुरी पुसतच राहिला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"नोव्हेंबर."

"नोव्हेंबर," तो म्हणाला. "म्हणजे तू बदक खाल्लंस तेव्हा."

"हो."

"मी बाल्कनीत विचारलं तेव्हा."

"हो."

मी त्याला सहीचं सांगितलं. तो मान हलवत होता, समजतंय, समजतंय. चाचण्यांचंही सांगितलं, कारण आता काही राखून ठेवलं असतं तर मी स्वतःच्या नजरेतून पार उतरलो असतो. त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. आमच्याकडे कुणीही दिल्या असत्या, आईवरून दिल्या असत्या, आणि मी ऐकून घेतल्या असत्या. त्यानं हातमोजा काढला, पुन्हा घातला, आणि कमरेचा दोर सोडला.

"इथेच बस," तो म्हणाला. "भोकाजवळ उभा राहू नकोस."

आणि तो लाल टोपीकडे चालू लागला. दोराशिवाय. दोनशे पावलं. मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. तो त्या माणसासमोर उभा राहिला, टोपी काढली. मी त्याला कधी कुणासमोर टोपी काढताना पाहिलं नव्हतं. मालक बादलीवरून उठला. बोलणं झालं, फार नाही. मग मालकानं दोन्ही हात पसरले, जसं आपण पसरतो, माझ्या हातात काय आहे म्हणून, आणि मग एक हात माइस्टरच्या खांद्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. माझ्या पायाशी तो मासा पडला होता आणि त्याच्यावर बारीक बर्फ धरू लागला होता.

माइस्टर परत आला, दोर बांधला, बसला.

"काय म्हणाला?"

"जागा भरली. तीन आठवडे झाले. विस्मारचा कुणी तरुण आहे." त्यानं गळ भोकात सोडला. "चांगला आहे म्हणे. दोन लहान मुलं आहेत त्याला."

मी काहीतरी म्हणालो असेन. मला माफ कर, असंच काहीसं. जर्मनमध्ये ते एका शब्दाचं काम आहे आणि तो शब्द फार छोटा पडला. तो म्हणाला, "ना जा," म्हणजे आता काय बोलायचं, आणि भोकावर धरलेला बर्फाचा पापुद्रा झाऱ्यानं काढला. मी म्हणालो, मी निघतो, संध्याकाळची गाडी मिळेल. त्यावर तो म्हणाला, "रस्ता गोठलाय, टॅक्सी यायची नाही. सकाळी सोडतो." आणि थोड्या वेळानं, "काठी हलव. नुसती धरून बसू नकोस." उजेड जाईपर्यंत आम्ही तिथे होतो. त्याला आणखी चार मिळाले. मला एकही नाही.

संध्याकाळी त्यानं बायकोला फोन केला, दुसऱ्या खोलीत जाऊन, दार लावून. तेवढं तरी पत्राआधी झालं. रात्री जेवायला त्यानं त्याचे चार मासे तळले आणि माझ्या ताटात बटाटे वाढले, फक्त बटाटे. रागानं नव्हे. मी सकाळी त्याला सांगितलं होतं ना, आज आमच्याकडे चालत नाही, ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. असल्या वेळी माणसाचं चांगलं वागणं अंगावर येतं. माझा मासा त्यानं बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. सकाळी स्टेशनवर त्यानं तो माझ्या हातात दिला.

"हा तुझा," तो म्हणाला. हात मिळवला, नेहमीसारखा घट्ट. पण पुढच्या ख्रिसमसचा विषय, तो दर वेळी काढतो तसा, काढला नाही.

बर्लिनला गाडी बदलायला पाऊण तास होता. मी फलाटावरच्या बाकावर बसून आईला फोन लावला. पिशवीत मासा होता, पिशवी पायांत.

"पाळलंस का शील?"

"नाही आई. मोडलं."

"मला वाटलंच. मासा दिसल्यावर तुमच्या घराण्याचे हात थांबतात होय."

"पहिलं मोडलं, पण ते काल. चौथं आधीच मोडलं होतं. डिसेंबरात."

आणि मी तिला सगळं सांगितलं. बाल्कनी, घाई करू नकोस, लाल टोपी. आई मधे बोलली नाही. आई मधे बोलत नाही असं फार कमी वेळा होतं, मी दोनदा विचारलं, ऐकतेयस ना.

"तुझ्या बाबांच्या गेटवर तो कागद लागला ना," ती शेवटी म्हणाली, "त्याच्या आदल्या रविवारी त्यांचे सुपरवायझर आपल्याकडे जेवायला आले होते. मी मटण केलं होतं. दोनदा वाढून घेतलं त्यांनी. बाबांनी विचारलं, मागे एक खोली वाढवू म्हणतोय, वाढवू का? तर म्हणाले, वाढवा की. त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं त्यांना."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुझे बाबा नको म्हणाले. म्हणाले, माणूस वाईट नाही गं, त्याला बोलायला जमलं नाही." फोनमध्ये मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "असेल. वाईट नसेल. मग पुढे बरेचदा आले ते, विचारपूस करायला, कधी केळी घेऊन, कधी काय घेऊन. पण मी त्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही."

माझी गाडी फलाटाला लागली. मी उठलो नाही.

"मासा कुठाय?" आईनं विचारलं.

"आहे माझ्याजवळ."

"टाकू नकोस," ती म्हणाली. "मारलास ना, आता खा तो."